सोलापुरात कनू शिकताय? मग आधी जाळी आणि गळ बघायला शिका

सोलापुरात राहून बोट वल्हवतोस म्हणलं की लोक आधी चेहऱ्याकडं बघतात, कारण आपल्या नळाला चार-पाच दिवसाआड पाणी. पण जिल्ह्याचा नकाशा काढून बघा एकदा. वरच्या अंगाला उजनीचं अफाट पाणी, तिथून भीमा पंढरपूर, मंगळवेढा करत थेट कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत जाते, सीना आहे, आणि तुळजापूर रोडला शहराच्या उशाशी हिप्परगा. पाणी आहे, त्यावर हौसेनं वल्हवणारे फार कमी आहेत एवढंच.

मी चार हिवाळे झाले वल्हवतोय. सुरुवात केली तेव्हा इथं सांगणारं कुणी सापडलं नाही, जे व्हिडिओ बघितले ते सगळे परदेशातल्या नद्यांचे, त्यात शेतीच्या पाणी-मोटारींच्या केबली नाहीत, बंधारे नाहीत, थर्माकोलवर बसून जाळं टाकणारा माणूस नाही. त्यामुळं पहिल्याच वर्षी मी एका मच्छीमाराचं जाळं फाडलं. ते पुढं सांगतोच. नवीन माणसाच्या हातून तेच परत होऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय, जरा मोठं आहे पण बोट विकत घ्यायच्या आधी पूर्ण वाचा.

१. कनू की कयाक, आधी हे ठरवा

दोन्हीला लोक कयाकच म्हणतात पण फरक आहे. कनू वरून उघडी, वल्हं एकाच बाजूला पातं असलेलं, गुडघ्यावर नाहीतर आडव्या फळीवर बसून वल्हवायची. कयाकमध्ये पाय पुढं पसरून बसायचं आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. कनूत दोन माणसं, सामान, एखादं लेकरू आरामात बसतं, उंचावर बसल्यामुळं लांबचं दिसतं, आणि आपल्याकडं लांबचं दिसणं फार कामाचं आहे, कारण जाळ्याची बाटली पाण्यात लांबून दिसली तरच वळायला वेळ मिळतो. तोटा एकच, वारा लागला की कनू पाल्यासारखी उडते. एकट्यानं फिरणार असाल तर कयाक बरी. दोघं असाल तर कनू घ्या.

दोघांची कनू साधारण १५ ते १७ फूट लांब असते, जाड प्लॅस्टिकची असेल तर वजन तीस-चाळीस किलोच्या घरात. गाडीच्या टपावर चढवायला दोन माणसं लागतातच. फुगवायची कनू पण मिळते, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ठेवायला सोपी, पण आपल्या काठाला बाभळीचे काटे किती असतात तुम्हाला माहितीय. फुगवायची घेतली तर ज्याला एकच कप्पा आहे असली घेऊ नका, दोन-तीन वेगळे कप्पे असले पाहिजेत, म्हणजे एक गेला तरी बाकीचे तरंगतात. आणि सोबत पंक्चरचं किट.

माझा सल्ला, पहिल्या पाच-सहा वेळा कुणाची तरी मागून किंवा भाड्यानं घेऊन वल्हवा, मग खरेदी.

२. पोहता येतं का? खरं सांगा

विहिरीत उडी मारता येते म्हणजे पोहता येतं असं आपण धरून चालतो. धरणात तसं नसतं. अंगावर कपडे, पायात बूट, लाटा तोंडावर, काठ अर्धा किलोमीटर लांब. आधी स्विमिंग टँकमध्ये कपडे आणि लाइफ जॅकेट घालून दहा मिनिटं नुसतं तरंगून बघा, मग पन्नास मीटर पोहून बघा. जमलं तर पुढं. आणि पट्टीचे पोहणारे असलात तरी जॅकेट घालायचंच, डोकं आपटलं तर पोहणं येऊन उपयोग नाही.

शिकायला माणूस मिळाला तर उत्तम. पुण्यात मुळा-मुठेच्या काठावर जुने बोट क्लब आहेत, ओळखीनं दोन दिवस जाऊन नुसतं बघितलं तरी हाताला वळण लागतं.

३. कुठलं पाणी?

हिप्परगा (एकरुख तलाव): १८७१ मध्ये पूर्ण झालेला, इंग्रजांच्या काळातला मोठा मातीचा तलाव. शहरापासून जवळ, प्रवाह नाही, नवख्याला सगळ्यात सोपं पाणी. पण हे शहराला प्यायला जाणारं पाणी आहे हे डोक्यात ठेवा, आणि पातळी दरवर्षी वेगळी असते. कमी पाऊस झालेल्या वर्षी काठाला नुसता गाळ.

उजनीचं बॅकवॉटर: करमाळा, माढा, इंदापूर, पार भिगवणपर्यंत. भव्य आहे. हिवाळ्यात पट्टकादंब, रोहित (फ्लेमिंगो) असे पक्षी येतात, सकाळचं धुकं उठताना जे दिसतं ते मी लिहून दाखवू शकत नाही. पण नवख्यानं पहिल्याच दिवशी उजनीत उतरू नये, उतरलं तरी एखाद्या खाडीसारख्या आत शिरलेल्या फाट्यात काठाकाठानं. मधल्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला कितीतरी किलोमीटर मोकळं रान मिळतं, त्यामुळं लाटा तलावासारख्या राहत नाहीत.

भीमा, धरणाच्या खाली: इथं पाणी एकसारखं नसतं. कधी डबकी, कधी सोडलं की दुथडी. त्यात ठराविक अंतरावर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते, तिथं मंदिरात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, त्या बाजूला गेलात तर तो बघाच, वल्हवणं झालं नाही तरी चालेल.

चंद्रभागा, पंढरपूर: तिथल्या होड्या कोळी बांधवांच्या पोटापाण्याच्या आहेत, घाटावर भाविकांची गर्दी. वारीच्या, एकादशीच्या आसपास तिथं हौसेची बोट काढायची नाही. मी तिथं वल्हवतच नाही.

शहरातल्या तलावांचा विचार सोडा. जलपर्णी, गाळ, सांडपाणी, आणि परवानगीची कटकट.

४. परवानगी आणि कागद

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण एकाच पाण्याचे मालक तीन. धरण जलसंपदाचं, मासेमारीचा हक्क ठेक्यानं किंवा परवान्यानं मच्छीमारांचा नाहीतर त्यांच्या सहकारी संस्थेचा, आणि तुम्ही जिथून बोट उतरवता ती काठाची जमीन बहुतेक वेळा कुणाच्या तरी वहिवाटीत. तिन्हीकडं विचारायचं. एकाला विचारलं म्हणून बाकीच्यांचं झालं असं समजायचं नाही.

जलसंपदाच्या त्या भागाच्या शाखा कार्यालयात साधा अर्ज द्या. अर्जात कोण, किती जण, कुठल्या काठावरून, किती वाजता ते किती वाजता, बोट बिनइंजिनाची आहे, सगळ्यांना लाइफ जॅकेट आहे, घरच्यांचा नंबर, हे सगळं लिहा. जोडायचं काय, तर आधारची झेरॉक्स, बोटीचा फोटो, आणि 'आम्हाला पोहता येतं, आमच्या जबाबदारीवर जातोय' असं सगळ्यांच्या सह्यांचं पत्र. पोहोच घ्या, शिक्का मारून. पोहोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं धरा, मला एका ऑफिसात याच कारणावरून तीन चकरा पडल्या.

२०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्यात बिनइंजिनाच्या बोटींच्या नोंदीचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडं दिलेलं आहे, म्हणून काठच्या ग्रामपंचायतीत पण विचारून ठेवा की तुमच्याकडं अशी नोंद होते का.

गावच्या पोलीस पाटलांना फोन करून सांगायचं, हे कागदावर नसलं तरी करा. अनोळखी माणूस गाडीवर लांबलचक काहीतरी बांधून भल्या पहाटे काठावर आला तर गाव जागं होणारच. आधी सांगितलेलं असलं की चहा मिळतो.

धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा, पाणी उचलायचे जॅकवेल, या सगळ्यांपासून लांब. ड्रोन उडवायचा नाही.

५. सामान

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आपल्या मापाचं. पाण्यात खेळायचं म्हणजे निदान ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवून धरायची ताकद). घातल्यावर खांद्याला धरून कुणालातरी वर ओढायला सांगा, कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली, तीन वेळा वाजवली की मदत हवी. एक जादा वल्हं. बोटीच्या दोन्ही टोकांना चार-पाच मीटरची दोरी, पण ती गुंडाळून, पायात येईल अशी मोकळी नको. पाणी काढायला कापलेला पाच लिटरचा कॅन आणि स्पंज. मोबाइलला पाण्यात न भिजणारी पिशवी. माणशी तीन लिटर पाणी, आपल्याकडं जानेवारीत पण अकरा वाजता ऊन चटका देतं. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात घट्ट बसणारे बूट, चप्पल गाळात राहते.

आणि एक छोटी बोथट टोकाची सुरी किंवा कात्री, जॅकेटला अडकवलेली. ही कशाला, तर तंगूस. गळाचा नायलॉनचा तो दोरा पाण्यात दिसत नाही आणि उलटल्यावर पायात गुंडाळला तर हातानं तुटत नाही. ही सुरी फक्त जिवावर बेतलं तर वापरायची, अडकलेलं जाळं सोडवायला नाही. का ते ७ मध्ये.

६. वारा, वळीव आणि विसर्ग

हा भाग मी प्रत्येक नव्या माणसाला दोनदा वाचायला लावतो.

आपला सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये भल्या सकाळी जमतं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं काही सांगता येत नाही, आभाळ निरभ्र असतं, पश्चिमेला एक काळा पट्टा दिसतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत धुळीसकट वारा येऊन आदळतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याकडचं कुगाव आणि पलीकडचं कळाशी यांच्या मधे प्रवासी बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्या पाण्यावर रोज ये-जा करणारी माणसं होती ती. आपण हौसेला जाणारे. म्हणून मार्चनंतर माझा नियम असा की सकाळी नऊला बोट काठावर, आभाळ कितीही स्वच्छ असो.

हिवाळ्यात पण वाऱ्याकडं लक्ष ठेवा. पाण्यावर नुसत्या सुरकुत्या असतील तर ठीक. लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसायला लागला की नवख्यानं उतरायचं नाही, पाण्यात असाल तर जवळच्या काठाला लागा, तुमची गाडी ज्या काठाला आहे तो काठ नाही, जवळचा काठ. गाडीपर्यंत चालत जाता येतं. आणि जाताना नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा ढकलतो. उलटं केलं तर जाताना मजा येते आणि परतताना हात गळून जातात.

जून ते सप्टेंबर बंद. आपण सगळे पावसाळ्यात रोज सकाळी दौंडचा विसर्ग किती क्युसेक आहे ते बघतो, उजनी किती टक्के झाली ते बघतो, तेच आकडे आता वल्हवणाऱ्याच्या नजरेनं बघा. दौंडचा विसर्ग वाढला म्हणजे उजनीत पाणी येतंय, उजनीतून विसर्ग वाढला म्हणजे खाली भीमेत प्रवाह वाढणार. पावसाळा संपल्यावर पण सोलापूरच्या पिण्यासाठी औज-चिंचपूर बंधाऱ्यांपर्यंत नदीतून पाणी सोडतात, तेव्हा कोरडी नदी एकदम भरून वाहते. नदीत उतरायच्या आदल्या दिवशी पाणी सोडलंय का, सोडणार आहेत का, हे विचारल्याशिवाय जायचं नाही.

उजनी 'मायनस'मध्ये गेली की काय होतं ते पण समजून घ्या. पूर्ण भरलेल्या उजनीत साधारण ११७ टीएमसी पाणी असतं, त्यातलं जवळजवळ ६३ टीएमसी मृतसाठा, जो टक्क्यांत धरत नाहीत, म्हणजे आकडा शून्यावर आला तरी पाणी भरपूर असतं. पण काठ आत सरकलेला असतो. गेल्या हिवाळ्यात जिथून बोट उतरवली तिथं आता अर्धा किलोमीटर गाळ. वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो, पाय ठेवला की मांडीपर्यंत आत. अशा गाळात एकट्यानं चालायचं नाही. बुडालेल्या गावांच्या भिंती, वठलेली झाडं, देवळं पाण्याच्या बरोबरीला येतात, पळसदेवचं जुनं मंदिर असंच उघडं पडतं. बघायला जावंसं वाटतं, पण पाण्याखाली वीतभर असलेला दगडी कोपरा बोटीचं पोट फाडतो.

बंधाऱ्याबद्दल एकच सांगतो. वरच्या बाजूनं येताना बंधारा दिसत नाही, पुढं पाणी एका सरळ रेघेत संपल्यासारखं दिसतं. ती रेघ दिसली की काठाला लागा आणि बोट उचलून न्या. खाली पडणारं पाणी तिथल्या तिथं गरगर फिरत राहतं आणि सापडलेल्या माणसाला, बोटीला, ओंडक्याला परत परत भिंतीकडं ओढतं, जॅकेट घातलेल्यालासुद्धा. बर्गे (गाळ्यात पाणी अडवायला घालायच्या फळ्या) घातलेले असोत की काढलेले, बंधाऱ्यावरून किंवा त्याच्या गाळ्यातून बोट काढायची नाही. वाळू उपसलेले खड्डे हा दुसरा सापळा, गुडघाभर पाण्यात बोट ओढत चालताना पुढचं पाऊल पुरुषभर खोल जातं. बोटीला धरून चाला.

मोटारी. उजनी आणि भीमेच्या काठानं शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी असतात, पाणी मागं सरकलं की त्या पुढं ढकलतात, केबली पाण्यातून, चिखलातून गेलेल्या. जोड दिलेली केबल ओल्या काठावर असेल तर तिच्या जवळ पण जायचं नाही, वल्ह्यानं बाजूला करायची नाही. मोटारीपासून वीस-पंचवीस मीटर सोडूनच बोट काठाला लावा.

७. मच्छीमार आणि गळवाले

आता मुख्य गोष्ट.

पहिल्या वर्षी डिसेंबरमध्ये, सकाळी साडेसहाच्या सुमाराला मी आणि माझा मेव्हणा उजनीच्या एका फाट्यात गेलो. पाणी आरशासारखं. समोर दोन-तीन रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या, आम्हाला वाटलं कचरा. मधून गेलो. बोट जड झाली, वल्हं अडकलं, मेव्हण्यानं सुरी काढली आणि वल्ह्याभोवतीचं जाळं कापलं. तेवढ्यात लांबून आवाज आला, "ओ दादा, ओऽऽ, थांबा की, जाळं हाय माझं!" थर्माकोलच्या तराफ्यावर एक मामा हातानंच पाणी मारत येत होते. आले, जाळं उचललं, पाच-सहा हात फाटलेलं. शिवी नाही दिली. एवढंच म्हणले, "काल संध्याकाळी टाकलंय, आज बाजार हाय." मला अजून तो आवाज आठवतो. आम्ही नुकसानीचे दीड हजार दिले, ते घ्यायला तयार नव्हते, मग त्यांच्या घरी गेलो, दिवसभर त्यांनी जाळं विणलं आणि मी बसून बघितलं. त्या एका दिवसात पाण्याबद्दल जे कळलं ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं. पुढच्या रविवारी परत गेलो तेव्हा त्यांनीच मला दाखवलं की जाळं कसं ओळखायचं.

जाळं कसं ओळखायचं: पाण्यात उभं सोडलेलं जाळं म्हणजे वरच्या दोरीला तरंगणारे तुकडे, खालच्या दोरीला वजन. वर काय दिसतं, तर थर्माकोलचा तुकडा, पाण्याची रिकामी बाटली, तेलाचा कॅन, कधी नुसती चपलेची फाटकी पट्टी. एक बाटली दिसली तर कचरा असू शकतो. दोन दिसल्या आणि वाऱ्यानं हलत नाहीत, जागच्या जागी आहेत, तर मधे जाळं आहे. दोन बाटल्यांच्या मधून जायचं नाही. पूर्ण वळसा घालायचा, टोकाच्या बाटलीच्या पलीकडून दहा-पंधरा मीटर सोडून. फाट्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाळं असेल तर परत फिरा. पाण्यात रोवलेल्या काठ्या म्हणजे पण जाळ्याची खूण. या मामांचं जाळं संध्याकाळी टाकायचं आणि पहाटे काढायचं, म्हणून आम्ही आता त्या भागात उजाडल्या उजाडल्या उतरत नाही, त्यांचं काढून झालं की साडेसात-आठला उतरतो. तासाभराचा फरक, पण त्यांचं काम होतं आणि आपल्याला पण मोकळं पाणी मिळतं.

अडकलातच तर: वल्हवणं थांबवा. ओढू नका, कापू नका. हात वर करून हाक मारा. जवळ कुणी नसेल तर वल्हं जाळ्याच्या दिशेनंच हळू मागं घ्या, जाळं सैल होऊन सुटतं. फाटलं तर पळून जायचं नाही, काठावर जाऊन कुणाचं आहे विचारायचं आणि भरून द्यायचं. तुम्ही पळालात तर पुढच्या वल्हवणाऱ्याला ते काठाला लागू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

एक काळजी. उजनीत बारीक आसाचं वडाप जाळं हा भांडणाचा विषय आहे, त्यात लहान पिल्लं पण येतात म्हणून खुद्द मच्छीमारांमधेच वाद आहे. तुम्ही त्यात पडू नका, कुणाच्या जाळ्याचे फोटो काढून टाकू नका. पाहुणा म्हणून गेलोय, आधी ओळख होऊ द्या.

हौशी गळवाले वेगळे. हिप्परग्याला, भीमेच्या बंधाऱ्यांवर रविवारी सोलापूरचेच लोक काठी नाहीतर रॉड घेऊन बसलेले दिसतात, मरळ, कटला, रोहू, चिलापी, जे लागेल ते. कटला-रोहूवाला माणूस पहाटेपासून एकाच जागी चारा टाकून मासे गोळा करत बसलेला असतो. तीन तासांनी मासा जमतो आणि तेवढ्यात तुमची बोट त्या चाऱ्यावरून जाते. मासा गेला, सकाळ गेली. मरळवाला काठाच्या गवतात बारीक लक्ष लावून असतो, त्याला तर बोटीचा एक ठक् आवाज पुरतो, वल्हं बोटीच्या कडेला आपटलं की पाण्यातून तो लांबपर्यंत जातो. त्यामुळं:

रॉडचं टोक कुठं बघतंय ते बघा, तंगूस त्या दिशेला आहे. रॉडवाला चाळीस-पन्नास मीटर लांब टाकू शकतो, तेव्हा तेवढं सोडून बाहेरून जा. जागा अरुंद असेल तर लांबूनच थांबून विचारा, "काका, कुठनं जाऊ?" एवढंच. शंभरातले नव्वद जण हात करून दाखवतात, काही जण तंगूस गुंडाळून पण घेतात. मग त्यांनी दाखवलं तिथूनच जायचं, आणि जाताना वल्हं हळू, चिडीचूप, स्पीकर बंद. गेल्यावर परत त्याच वाटेनं लगेच यायचं नाही, दुसऱ्या काठानं या. मासा लागलेला असेल, रॉड वाकलेला दिसेल, तर जिथं आहात तिथं थांबा, मासा कुठंही पळू शकतो. मासा काठाला येईपर्यंत बघत थांबणं यासारखं दुसरं सुख नाही, मी दोनदा टाळ्या वाजवल्यात.

काही जण चिडतील. एकानं मला सरळ सांगितलं, इथं यायचं नाही. वाद घातला नाही, परतलो, पुढच्या वेळी आधी काठानं चालत जाऊन त्यांच्याशी बोललो तर कळलं की आधी कुणीतरी मोटरबोट घेऊन त्यांच्या गळांवरून गेला होता. इंग्लंडमध्ये बऱ्याच नद्यांवर मासेमारीचा हक्क खाजगी असतो, तिथं वल्हवणारे आणि गळवाले यांचं जुनं भांडण आहे. आपल्याकडं अजून तसं झालेलं नाही कारण वल्हवणारेच थोडे आहेत. आत्ता जे थोडे आहेत ते कसे वागतात त्यावर पुढचं सगळं ठरणार.

पावसाळ्यात बंद ठेवा म्हणलं त्याला हे पण कारण आहे, कटला-रोहूसारख्या माशांचा विणीचा काळ तोच.

८. वल्हवायला शिकताना

हे पाण्यात उतरल्यावरच कळतं, म्हणून थोडक्यात. बोटीत चढताना मधोमध पाय, अंग खाली, दोन्ही हातांनी कडा धरून. उभं राहायचं नाही, जागा बदलायची असेल तर काठाला लावा. वजनदार आणि अनुभवी माणूस मागं, कारण दिशा मागचा धरतो. दोघं विरुद्ध बाजूंना वल्हवा, पुढचा जो ठेका धरेल तोच मागच्यानं धरायचा. वल्हं ओढताना हात कमी, कंबर जास्त फिरली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी खांदा उचलत नाही.

एका बाजूनं वल्हवलं की बोट दुसरीकडं वळते. मागच्यानं प्रत्येक ओढीच्या शेवटी पातं बाहेरच्या बाजूला हलकं ढकलायचं, त्याला जे-स्ट्रोक म्हणतात, म्हणजे बोट सरळ राहते. हे जमायला मला पाच-सहा रविवार लागले. पण त्याच्याही आधी थांबायला शिका. पातं पाण्यात उभं धरून पुढं ढकलणं, आणि बोट जागेवर वळवणं. समोर अचानक बाटली दिसली तर हेच कामाला येतं.

९. उलटलात तर

बोट सोडायची नाही. उलटलेली कनू पण तरंगते आणि लांबून माणसापेक्षा तीच दिसते. आधी एकमेकांना हाक मारून बघा, मग बोटीला धरून पाय मारत जवळच्या काठाकडं. प्रवाह असेल तर बोटीच्या वरच्या अंगाला राहा, खालच्या अंगाला राहिलात तर बोट आणि दगड यांच्या मधे सापडाल. नदीत उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकतो, पाय पुढं करून पाठीवर तरंगत काठाला या. पायात तंगूस किंवा जाळं असेल तर झटका न देता सुरी. तीन शिट्ट्या. फोन लागत असेल तर ११२.

हे सगळं काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटून दोनदा करून बघा. पहिल्याच दिवशी.

घरी एक माणूस असा हवा ज्याला माहितीय की कुठून उतरलात, कुठवर जाणार, किती वाजता परतणार. ठरलेल्या वेळेच्या तासाभरात फोन आला नाही तर त्यानं आधी त्या गावातल्या ओळखीच्या मच्छीमाराला फोन करायचा. कुठल्याही गाडीच्या आधी तोच तुमच्यापर्यंत पोचतो. माझ्या घरी फ्रिजवर त्या मामांचा नंबर चिकटवलेला आहे.

१०. परतल्यावर

बोट उलटी करून काठावरच निथळू द्या, जलपर्णीचा एक तुकडा पण चिकटून दुसऱ्या तलावात जाता कामा नये, आधीच भीमेची काय अवस्था झालीय बघताय. साबण लावून तिथंच धुवायची नाही, उजनी, हिप्परगा आणि टाकळीचं भीमेचं, हेच पाणी घरी नळाला येतं. काठावर पडलेला तंगूस दिसला तर उचला, पाणपक्ष्यांच्या पायाला गुंडाळतो, पण गोळा करताना गळ बघून, एका मित्राच्या बोटात आरपार गेला होता आणि दवाखान्यात काढावा लागला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

आणि निघताना, ताजा मासा असेल तर तिथंच काठावर विकत घ्या. भाव करू नका. आम्ही दर वेळी किलोभर चिलापी घेतो, मामी काळं तिखट लावून तव्यावर देतात, भाकरी बरोबर नेलेली असते.